परवानगी मिळेल, पण छाटणी कशी करायची हे कोण ठरवणार?

सोसायटी-सचिव, पुणे:

आमच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत १९७४ सालची आहे. प्रवेशद्वाराजवळचा पर्जन्यवृक्ष त्याच वर्षी लावला होता, असे जुने सभासद सांगतात. छातीच्या उंचीवर त्याच्या खोडाचा घेर अडीच मीटर भरतो. मागच्या वळवाच्या पावसात त्याची एक फांदी मोडून उभ्या मोटारीवर पडली आणि तेव्हापासून संस्थेच्या प्रत्येक सभेत हाच विषय निघतो. एक ठेकेदार म्हणतो, ‘वरून बारा फूट उतरवून देतो, मग पाच वर्षे बघायला नको.’ काही सभासदांना तर झाडच नको आहे. झाड आमच्या आवारात असले तरी महापालिकेची परवानगी लागते का, आणि लागत असेल तर त्या परवानगीत छाटणीची पद्धतही ठरवून दिलेली असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त उद्यान-कर्मचारी:

परवानगी लागते, आणि जागा कोणाच्या मालकीची आहे याने त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यानुसार स्वतःच्या जमिनीवरील झाड तोडण्यासाठीही पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांची व्याख्या व्यापक असून जाळणे किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तिच्यात मोडते. म्हणून ‘आम्ही तोडले कुठे, फक्त शेंडा उतरवला’ हे उत्तर टिकत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या झाडाच्या वयाची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड ‘पुरातन वृक्ष’ या वर्गात येते आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे भरपाई म्हणून लावण्याची तरतूद आहे. तुमचे जुने सभासद बरोबर सांगत असतील तर तुमचे झाड या वर्गात बसते. झाडच काढा म्हणणाऱ्या सभासदांना हे आधी सांगा. ५० रोपे आवारात कुठे लावायची हा प्रश्न निघाला की सभा पुष्कळदा लवकर संपते.

अर्जात ‘झाड धोकादायक आहे’ एवढेच लिहू नका. कोणती फांदी, ती कोणत्या दिशेला आहे, वाळलेली आहे की पोखरलेली, हे छायाचित्रांसह लिहा. माझ्या नोकरीच्या काळात धोकादायक म्हणून आलेल्या कितीतरी अर्जांत खरी तक्रार एवढीच असे की, पानांमुळे दुकानाची पाटी दिसत नाही.

वृक्षनिगा-व्यावसायिक:

वरील उत्तरात पुढची गोष्ट जोडतो, कारण संस्था नेमक्या इथेच फसतात. परवानगीच्या कागदावर काय कापायचे ते असते. कसे कापायचे ते बहुधा नसते. कोयता आणि दोर असलेला कोणीही हे काम घेतो. म्हणून कामाची पद्धत संस्थेनेच कार्यादेशात लिहून द्यावी लागते. त्यासाठी ब्रिटनचे बीएस ३९९८ आणि अमेरिकेचे ए३०० ही मानके आधाराला घेता येतात. ती आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण करारात लिहिलेली अट ठेकेदारावर बंधनकारक असते.

पहिली अट अशी लिहा की शेंडा उतरवला जाणार नाही. बारा फूट उतरवलेल्या झाडाचा बहुतेक पाला एकदम जातो, अन्न तयार करणारी पाने नसल्याने झाड साठवणीवर जगते आणि कापाखालून दाट धुमारे फुटतात. हे धुमारे जुन्या लाकडातून नव्हे तर सालीलगतच्या थरातून निघत असल्याने त्यांची पकड कमकुवत असते, आणि खाली उघडा पडलेला खुंट कुजत जातो. पाच वर्षांनी तीच जागा आजच्यापेक्षा जास्त धोकादायक झालेली असते. ए३०० च्या आधीच्या आवृत्त्यांत एका हंगामात चतुर्थांशाहून अधिक पाला काढू नये असे म्हटले होते. जुन्या झाडासाठी मी त्याहूनही कमी धरतो.

दुसरी अट कापाच्या जागेची. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर वळी दिसते. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाड जखम भरून काढत नाही, तर ती आतून बंदिस्त करते, आणि त्या बंदिस्तीची बरीच सोय या वळीतच असते. वळीला धक्का न लावता, पण खुंटही न ठेवता, तिच्या अगदी बाहेरून काप घ्यायचा. जड फांदी एका घावात कापली तर ती पडताना खोडाची साल ओढून नेते. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून काप घेऊन फांदीचा भार उतरवायचा, आणि उरलेला खुंट शेवटी वळीपाशी काढायचा.

तिसरी अट माणसांसाठी: सुरक्षापट्टा, शिरस्त्राण, कामगारांचा विमा, आणि जवळून तारा जात असतील तर महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घेणे.

सोसायटी-सचिव, पुणे:

दोघांचेही आभार. दोन शंका उरल्या आहेत. कापलेल्या जागी गेरू किंवा डांबर लावावे काय? आणि गेल्या वर्षी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले ते अगदी खोडाला भिडले आहेत, त्याने काही बिघडते का?

ठाण्याचा सभासद:

आमच्या आवारातील गुलमोहराचे असेच मुंडण करून घेतले होते. दोन पावसाळे छान झुपकेदार दिसला, तिसऱ्या पावसाळ्यात धुमाऱ्यांचा आख्खा झुपका बुंध्यापासून सुटून कुंपणावर कोसळला. ठेकेदाराने तोपर्यंत दूरध्वनी बदलला होता.

वृक्षनिगा-व्यावसायिक:

डांबर मुळीच लावू नका. त्याखाली ओल कोंडते आणि कुज थांबत नाही. योग्य जागी घेतलेला काप उघडा ठेवणेच चांगले.

पेव्हर ब्लॉकचा प्रश्न मात्र मला छाटणीहून गंभीर वाटतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, पण झाडाची खरी गरज त्याहून मोठी असते. ब्रिटनच्या बीएस ५८३७ मध्ये खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचा भाग मुळांसाठी राखीव धरतात. तुमच्या अडीच मीटर घेराच्या झाडाला ती त्रिज्या सुमारे साडेनऊ मीटर येते. पुण्यातील आवारात तेवढी जागा मोकळी ठेवणे अवघड आहे हे मान्य, तरी खोडाभोवतीचे ब्लॉक शक्य तितक्या दूरपर्यंत उचला, तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन घाला आणि बसवताना मुळे तोडली होती का, हे त्या वेळच्या गवंड्याला विचारा. तोडली असतील तर आधी मुळे व बुंधा तपासून घ्या, फांद्यांचे त्यानंतर ठरवा.

आणखी एक. छाटणीच्या आदल्या दिवशी दुर्बिणीने घरटी पाहून घ्या. पर्जन्यवृक्षावर बगळे आणि ढोकरी वीण घालतात, आणि वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. पिल्ले असतील तर तेवढी फांदी ती उडून जाईपर्यंत राहू द्या आणि खालचा वाहनतळ तितके दिवस दोर बांधून बंद ठेवा.