मदत हवी आहे: झेडएसएम-५ मधलं लोह सुटं राहत नाही

झेडएसएम-५ या झिओलाइटवर (सूक्ष्म छिद्रांचं अॅल्युमिनोसिलिकेट; सिलिकॉन-अॅल्युमिनियम गुणोत्तर १५) साधारण १ टक्का लोह चढवायचंय, तेही शक्यतो सुट्या आयनांच्या रूपात. नायट्रस ऑक्साइडच्या विघटनासाठी.

आधी फेरिक नायट्रेटने इम्प्रेग्नेशन केलं (द्रावण पावडरीत जिरवून वाळवलं). ५५० अंशांवर भाजल्यावर पावडर थेट विटकरी. यूव्ही-व्हिजमध्ये (प्रकाश-शोषणाच्या चाचणीत) ४५० नॅनोमीटरच्या पुढे ऑक्साइडच्या कणांचा ठसठशीत उंचवटा. मग त्याच क्षारानं ८० अंशांवर तीनदा आयन-विनिमय (झिओलाइटमधल्या आयनांच्या जागी द्रावणातले लोहाचे आयन बसवणं). रंग फिकटला, पण ३००–४०० नॅनोमीटरमधला, लोहाच्या छोट्या गुच्छांचा पट्टा कायम. गरम द्रावणात फेरिकचं जलविघटन होतं, त्यामुळे दोष तिथलाच असावा.

म्हणून फेरस सल्फेट घेतलं, नायट्रोजनखाली, खोलीच्या तापमानाला. गाळताना पावडर पांढरीशुभ्र! रात्रभर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली, सकाळी पिवळट. भाजायची हिंमतच झाली नाही.

ग्लोव्ह बॉक्स नाही, फेरिक क्लोराइडची वाफ वापरायची परवानगी नाही. तपासायला यूव्ही-व्हिज आणि हायड्रोजन टीपीआर (तापमान वाढवत हायड्रोजनने होणारं क्षपण मोजणं) एवढंच.

फेरसचा मार्ग धरायचा तर धुणं, वाळवणं आणि भाजण्याचा वेग (सध्या मिनिटाला ५ अंश) यांपैकी आधी काय बदलू? आणि नुसता पिवळेपणा म्हणजे गुच्छ झालेच, असं धरायचं का?