आर्मी एअर डिफेन्स म्हणजे एअरफोर्स का? पुतण्याला हीच कोअर मिळालीय, जाणकारांनी सांगा

माणदेशी_वाट:

नमस्कार मंडळी. माझ्या पुतण्याचं अग्निवीरमध्ये झालं, घरात सगळे खुश आहेत. पण लेटरवर आर्मी एअर डिफेन्स लिहिलंय आणि ट्रेनिंग सेंटर ओडिशातलं गोपाळपूर. आम्हाला वाटलेलं तोफा म्हणजे तोफखाना, आणि तोफखान्याचं ट्रेनिंग नाशिकरोडला, जवळच आहे, सुट्टीला येईल जाईल. आता गावात जो भेटतो तो विचारतो पोरगं आर्मीत गेलं का एअरफोर्समध्ये, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट उत्तर देता येत नाही.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी टीव्हीवर एस-४०० एस-४०० (लांबून विमान पाडणारी मिसाइल सिस्टिम) चाललं होतं, पुतण्या म्हणतो ते आमचं नाही, ते एअरफोर्सचं. मग यांच्याकडे काय असतं? ही कोअर वेगळी कधी झाली आणि का झाली? एकाने तर सांगितलं की यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीच्या तोफा आहेत, ते ऐकून वहिनी फार काळजीत पडल्यात. कुणी स्वतः नोकरी केली असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

निवृत्त_हवालदार_एडी:

दादा आधी पोराचं अभिनंदन. मी याच कोअरमधून रिटायर झालोय त्यामुळे जेवढं माहितीय तेवढं सगळं सांगतो, लांबेल जरा.

पहिलं म्हणजे ही शंभर टक्के आर्मी आहे. देशाच्या आकाशाची एकंदर जबाबदारी एअरफोर्सची, एस-४०० त्यांचंच, पुतण्या बरोबर बोलतोय. पण आर्मीचे रणगाडे पुढे निघाले, पूल टाकला, दारूगोळ्याचा डेपो लावला, तर त्याच्या डोक्यावर येणारं विमान, हेलिकॉप्टर, आता ड्रोन, ते पाडायचं काम आमचं. एअरफोर्सच्या धावपट्ट्या आणि रडार स्टेशनच्या आजूबाजूला पण आमच्या तोफा लागतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ६५ च्या लढाईत अमृतसरचं रडार स्टेशन पाकिस्तानला काही करून उडवायचं होतं, परत परत विमानं आली, ११ सप्टेंबरला त्यांचं एक सेबर विमान आपल्या तोफांनीच तिथे पाडलं. तेव्हा कॉम्प्युटर नाही काही नाही, तोफ, डोळे आणि डिटॅचमेंट, म्हणजे तोफेवरची टीम.

आता नाशिकचं. तुमचा अंदाज चुकीचा नव्हता, फक्त जुना झाला. ही शाखा इंग्रजांच्या काळात दुसऱ्या महायुद्धात सुरू झाली, १९४०-४१ च्या सुमारास कराचीत विमानविरोधी ट्रेनिंग सुरू झालं. फाळणी झाली तेव्हा कराची तिकडे गेली आणि आपल्या वाट्याचं स्कूल उचलून देवळालीला आणलं. म्हणजे पुढची चाळीसेक वर्षं या शाखेचं शिक्षण आपल्या नाशिक जिल्ह्यातच चाललं, तोफखान्याचाच एक भाग म्हणून. १९८९ ला ते गोपाळपूरला हलवलं कारण तिथे समोर समुद्र आहे. विमानावर मारलेला गोळा चुकला तर तो खाली कुठेतरी पडणारच ना, म्हणून वस्तीवरून फायरिंग करता येत नाही, समुद्राकडे तोंड करून करावं लागतं. तिथे पायलट नसलेलं छोटं टार्गेट विमान उडवतात आणि त्याच्यावर प्रॅक्टिस.

वेगळी कोअर झाली १० जानेवारी १९९४ ला. मी तेव्हा नोकरीतच होतो. तोवर आमची ओळख तोफखानावाले अशीच. फरक असा की फील्डच्या तोफेचं टार्गेट जमिनीवर असतं, नकाशावर असतं, पहिला गोळा मारून करेक्शन घेऊन दुसरा मारता येतो. आमच्याकडे विमान दिसल्यापासून डोक्यावरून जाईपर्यंत मोजून काही सेकंद, करेक्शन कसलं घेताय. रडार वेगळं, मिसाइल वेगळी, ट्रेनिंग वेगळं, विचारच वेगळा, म्हणून वेगळं केलं. २००५ ला नाव बदलून आर्मी एअर डिफेन्स झालं. ब्रीदवाक्य आहे आकाशे शत्रून् जहि, आकाशातल्या शत्रूंना मार. पुतण्याच्या खांद्यावर नाव लागेल ते याच कोअरचं, गावात बिनधास्त सांगा आर्मी.

कोथरूडचा_अभी:

काकांनी छान लिहिलंय. पण माणदेशी दादांचा तो जुन्या तोफांचा प्रश्न राहिला, आणि मला वाटतं त्याच्यावर सरळ बोललं पाहिजे. हो, एल-७० तोफ मुळात स्वीडनची, आपल्याकडे साठच्या दशकापासून आहे. झू-२३ आणि शिल्का या विमानविरोधी तोफा पण सोव्हिएत काळातल्या. सत्तरच्या दशकात क्वाड्रॅट ही विमान पाडणारी मिसाइल आली, नंतर ओसा, स्ट्रेला, खांद्यावरून मारायची इग्ला, गन आणि मिसाइल एकाच गाडीवर असलेली तुंगुस्का. सगळं रशियाकडून. आणि नंतर बराच काळ नवीन काही आलंच नाही. २०१२ ला तेव्हाच्या आर्मी चीफनी पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र फुटलं होतं आठवतंय का, त्यात स्पष्ट होतं की एअर डिफेन्सचं ९७ टक्के सामान कालबाह्य झालंय. ९७ टक्के!! कुणा टीकाकाराचं नाही, आर्मी चीफचं म्हणणं.

असं का झालं तर १९८३ ला डॉ. कलामांच्या नेतृत्वाखाली जो मिसाइल प्रोग्रॅम सुरू झाला त्यात पृथ्वी, अग्नी, नाग यांच्यासोबत त्रिशूल आणि आकाश ही दोन एअर डिफेन्सची होती. ओसाच्या जागी त्रिशूल येणार होतं, ते कधी धड झालंच नाही, २००८ ला प्रकल्प बंद केला. आकाश झालं, चांगलं झालं, पण आर्मीत ते सामील झालं ५ मे २०१५ ला. १९८३ ते २०१५ मोजा, ३२ वर्षं. तोपर्यंत जवानांनी जुन्याच सिस्टिम सांभाळून, सुट्टे भाग शोधून दिवस काढले. मध्येच कोरियाची एक रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी गन मिसाइल सिस्टिम सिलेक्ट झाली होती, ते टेंडर पण रद्द झालं. मला या कोअरबद्दल मनापासून आदर आहे म्हणूनच राग येतो, याची किंमत सीमेवर उभा असलेला माणूस मोजतो, फाइल अडवणारा नाही.

रडारवाली_स्मिता:

अभी तुझं म्हणणं पटतं पण अर्धंच सांगितलंस असं वाटतं. मी इलेक्ट्रॉनिक्सची आहे, रडार सिग्नल प्रोसेसिंग हे माझं रोजचं काम, त्यामुळे या बाजूने लिहिते.

तोफेचं लोखंड जुनं असणं हा मुख्य मुद्दा नाही, तिला दिसतं काय हा मुद्दा आहे. साधा हिशोब बघा. एल-७० चा ४० मिमी चा गोळा सेकंदाला साधारण १००० मीटरने नळीतून निघतो, वाटेत हवेमुळे मंदावतो, ३ किमी वरच्या टार्गेटपर्यंत जायला चारेक सेकंद तरी धरा. समोरचं विमान सेकंदाला २५० मीटर जात असेल तर तेवढ्यात ते एक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे विमान आत्ता जिथे आहे तिथे मारून काही उपयोग नाही, चार सेकंदांनी जिथे असेल तिथे मारायचं. हा अंदाज माणसाच्या डोळ्याने काढायचा की रडार आणि कॉम्प्युटरने, यात सगळा फरक येतो. आधी सुपर फ्लेडरमाऊस, मग फ्लायकॅचर रडार आली ती याचसाठी, आणि अलीकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने एल-७० ला जे अपग्रेड केलंय त्यात दिवसाचा कॅमेरा, थर्मल कॅमेरा, आपोआप टार्गेटच्या मागे फिरणारी मोटर असं सगळं बसवलंय. लोखंड तेच पण डोळे आणि मेंदू नवे.

आणि ड्रोनच्या बाबतीत तर तोफच बरी पडते. ऑपरेशन सिंदूरमध्ये ८ मे च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले असं सरकारी ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं. एवढ्या सगळ्यांवर महागडी मिसाइल सोडत बसलं तर दुसऱ्या दिवशी खरी विमानं आल्यावर मारायला काय उरणार? त्यामुळे एल-७०, झू-२३, शिल्का यांनी बरेच पाडले. २०१२ ला ज्याला भंगार म्हणत होते त्याच तोफा.

पण माझ्या मते खरा बदल आकाशतीर हा आहे, म्हणजे सगळी रडार आणि तोफा एकमेकांना जोडणारी कॉम्प्युटर सिस्टिम. मार्च २०२३ ला १९८२ कोटींचं कंत्राट झालं, भारत इलेक्ट्रॉनिक्सच बनवतं. आधी काय व्हायचं, एका रडारने काही पाहिलं की ते फोनवर किंवा वायरलेसवर सांगायचं, कुणीतरी ते ऐकून नोंदवायचं, मग तोफेपर्यंत निरोप. आता आर्मीच्या सगळ्या रडारचं मिळून एकच चित्र तयार होतं आणि ते एअरफोर्सच्या सिस्टिमशी पण जोडलेलं आहे. हे किती गरजेचं आहे ते २७ फेब्रुवारी २०१९ ला कळलं, बडगामला आपल्याच मिसाइलने आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं, एअरफोर्सचे सहा जण आणि खाली एक नागरिक गेला. ते युनिट एअरफोर्सचं होतं, आर्मीचं नव्हे, पण धोका दोघांना सारखाच. आकाशात काहीतरी दिसतंय, आपलं की परकं हे ठरवायला सेकंद आहेत, आणि चूक दोन्हीकडून होऊ शकते, न मारण्याची पण आणि मारण्याची पण.

निवृत्त_हवालदार_एडी:

स्मिताताई अगदी बरोबर. ही निरोपाची भानगड मी स्वतः केलेली आहे. रात्री हेडफोन लावून बसायचं, पलीकडून आकडे यायचे, इकडे प्लॉट करायचे, एक आकडा चुकीचा ऐकला की डिटॅचमेंटचं तोंड भलतीकडे. २००१-०२ ला ऑपरेशन पराक्रममध्ये आम्ही महिनोन्महिने बॉर्डरवर होतो, आणि त्यात सगळ्यात अवघड काय असेल तर न झोपता काहीही न घडण्याची वाट बघणं. आमच्या कामात नव्याण्णव दिवस काहीच येत नाही आणि शंभराव्या दिवशी जे येतं त्याला दहा सेकंद असतात. मे २०२५ मध्ये टीव्हीवर रात्रीच्या आकाशात ट्रेसरच्या (चमकत जाणाऱ्या गोळ्यांच्या) लाल रेषा बघितल्या तेव्हा मी खुर्चीत बसूच शकलो नाही, उभाच होतो. नळीचा आवाज ऐकून सांगू शकतो एल-७० आहे. एकेक क्लिप चार राउंडची, हाताने भरावी लागते, दहा किलोच्या आसपास वजन, फायर चालू असताना भरणारा थांबला तर तोफ थांबते. ती पोरं रात्रभर भरत होती.

कोथरूडचा_अभी:

काका हे वाचून अंगावर काटा आला. आणि स्मिता मान्य, नेटवर्कचा मुद्दा माझ्याकडून राहिला. पण एक सांगतो, तोफांनी ड्रोन पाडले म्हणून नवीन घेण्याची घाई नाही असा अर्थ कुणी काढू नये. एल-७० ची पोच साडेतीन चार किलोमीटर, लांबून बॉम्ब सोडून परत फिरणाऱ्या विमानापुढे ती काय करणार. सुदैवाने आता गाडी हललीय. इस्राएलसोबत बनवलेलं एमआरसॅम हे विमान पाडणारं मिसाइल ७० किमी पर्यंत जातं, आर्मीची त्याची पहिली रेजिमेंट २०२३ ला पूर्वेकडे उभी राहिली. क्यूआरसॅम म्हणून ३० किमी वालं दुसरं मिसाइल आहे, चालता चालता शोधतं आणि थोडं थांबून मारतं, रणगाड्यांसोबत जायला तसंच पाहिजे, क्वाड्रॅट आणि ओसाचं काम खऱ्या अर्थाने तेच घेईल. जुलै २०२५ ला त्याला मंजुरी मिळालीय. आता फक्त त्रिशूलसारखं रेंगाळू नये.

आणि आपल्याकडची एक गोष्ट, नागपूरच्या सोलर ग्रुपने भार्गवास्त्र बनवलंय, ड्रोनच्या झुंडीवर छोटे छोटे रॉकेट सोडणारी स्वस्त सिस्टिम. १३ मे २०२५ ला त्याची टेस्ट कुठे झाली माहितीय का, गोपाळपूरच्याच रेंजवर. पुतण्या जिथे चाललाय तिथे.

माणदेशी_वाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं मोबाइलवरून घरी मोठ्याने वाचून दाखवलं, देवळालीचं ऐकून माझा दादा म्हणाला ते स्कूल अजून तिथंच असतं तर पोरगं इथंच राहिलं असतं. वहिनींनी दोनच प्रश्न विचारलेत. पोराला नेमकं काय काम देतील, तोफ की रडार? आणि ओडिशात रोज भातच खायला लागेल का, याला भात आवडत नाही.

निवृत्त_हवालदार_एडी:

वहिनींना सांगा काळजी करू नका, लंगरमध्ये चपाती डाळ भाजी सगळं असतं, युनिटमध्ये पंजाबी पण असतात आणि तमिळ पण, दोन्ही शिजतं. गोपाळपूरला घाम मात्र फार येतो, समुद्राची दमट हवा, तिकडे उतरल्यावर पहिले पंधरा दिवस जड जातात, पाणी भरपूर पी म्हणावं.

काम कुठलं मिळेल ते तिथेच ठरतं. ट्रेडप्रमाणे तोफेवर जाईल, रडारवर जाईल, वायरलेस किंवा गाडीवर पण जाऊ शकतो. आत्तापासून दोन गोष्टी करायला लावा. एक म्हणजे विमानं ओळखायची, आपली कुठली, त्यांची कुठली, समोरून, खालून, नुसत्या सावलीवरून. आमच्या वेळी चित्रांचे पत्ते असायचे, आता मोबाइलवर सगळं मिळतं. दुसरं म्हणजे फायरिंगच्या वेळी कानात प्लग घालायचा कंटाळा करायचा नाही. माझ्या डाव्या कानाला आता कमी ऐकू येतं, नातवाशी बोलताना उजवा कान पुढे करावा लागतो. कुठल्या गाडीने निघतोय ते कळवा, ब्रह्मपूर स्टेशनला उतरायचंय त्याला, पुढे कसं जायचं ते मी फोनवर सांगेन.