फियाट ११०० मध्ये ११८ एनईचं इंजिन टाकलं तर किंमत पडते का?

पेठकरी:
नमस्कार मंडळी. आजोबांची १९७० ची फियाट ११०० डिलाईट आहे, आरसी आता बाबांच्या नावावर. बरीच वर्षं कव्हरखाली उभी आहे, पत्रा चांगलाय, फ्लोअरला थोडा गंज, पण इंजिन जाम, पुली हाताने अजिबात हलत नाही. नाना पेठेतले एक मिस्त्री म्हणतात यात पैसे घालू नका, प्रीमियर ११८ एनई या नंतरच्या गाडीचं निस्सान इंजिन आणि गिअरबॉक्स मिळतोय, बसवून देतो, पिकअप येईल आणि एसी पण ओढेल. बाबांना गाडी चालवायचीय. पण उद्या विकायची वेळ आलीच तर किंमत किती पडेल? आणि आरटीओचं काय?

हँडगिअर:
गिऱ्हाईक कोण त्यावर आहे. रविवारी फिरायला गाडी शोधणारा निस्सान इंजिनला नाक मुरडणार नाही. पण खरे पैसे मोजणारा माणूस बॉनेट उघडून आधी ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर कोरलेला नंबर बघतो आणि आरसी मागतो, नंबर जुळला तर पुढचं बोलणं. पत्रा, रंग, सीट सगळं परत करता येतं हो, तो नंबर नाही येत.
दुसरं म्हणजे २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीला २० हजार, १० वर्षं चालते. रोज वापरायला नाही, रॅली-प्रदर्शनासाठी. अट अशी की गाडी मूळ रूपातच हवी, चॅसी, बॉडी शेल, इंजिनात मोठा बदल नको. तुमची गाडी वयात आरामात बसतेय, इंजिन बदललंत की तिथेच बाद. माझ्या मते किंमतीला सगळ्यात मोठा फटका हाच.

अँबीवाला:
थोडं वेगळं मत. माझ्या जुन्या अँबॅसिडरमध्ये इसुझूचं १.८ आहे, कंपनीनेच ते इंजिन ९० च्या दशकात अँबीत दिलं होतं, त्यामुळे कोणी नाव ठेवत नाही. खंबाटकी चढताना जीव खालीवर होत नाही, घरचे आनंदाने बसतात. गाडी उभी राहून सडण्यापेक्षा चाललेली बरी. फक्त कागद आधी करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या माहितीशी आरसी विसंगत होईल असा बदल चालत नाही. मिस्त्री "होऊन जाईल" म्हणाले तरी आरटीओत स्वतः विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका, अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही तर इन्शुरन्सवाले तोच मुद्दा काढतील.

भोसरी_लेथ:
इंजिन बदलण्यापेक्षा त्याच्यासाठी काय कापलं जातं ते बघा. निस्सानचा गिअरबॉक्स आला की तुमचा स्टिअरिंगवरचा हँड गिअर गेला, फ्लोअर गिअरसाठी टनेल (फ्लोअरचा मधला उंचवटा) कापावा लागतो, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते, मग इंजिन धरणारी माउंटिंग वेल्ड. बोल्टने बसलेलं कधीही काढता येतं, कापलेला पत्रा तसा परत होत नाही. आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमच आहेत, ताकद वाढवली तर तेही बघावं लागणार.
आणि जाम म्हणजे मेलं असं समजू नका. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. प्लग काढा, चारही भोकांतून पातळ तेल सोडा, आठवडाभर मुरू द्या. मोकळं झालं तर उत्तम, नाही झालं तरी सिलिंडरला आतून नवीन स्लीव्ह (नळी) मारून, क्रँकशाफ्ट घासून इंजिन बांधता येतं, ब्लॉक तोच आणि नंबर पण तोच. निस्सान टाकायचंच ठरलं तर जुनं इंजिन भंगारात देऊ नका, तेल लावून गुंडाळून घरात ठेवा, विकताना गाडीबरोबर द्या.

पेठकरी:
खूप आभार सगळ्यांचे. काल ब्लॉक रॉकेलने पुसला, वर खडू घासला तर आकडे पांढरे उठून आले, आरसीशी तंतोतंत जुळले! बाबा बराच वेळ तिथेच उभे होते. मिस्त्रींना थांबा म्हणून कळवलंय. रविवारी प्लग काढून तेल सोडतो.

भोसरी_लेथ:
मस्त. एकच सांगतो, तेल सोडल्यावर घाईने स्टार्टर मारू नका, रिंग तुटते. गिअर न्यूट्रल, पुलीच्या नटाला लांब पाना लावून मागे-पुढे अगदी थोडं थोडं. हललं की आधी ते तेल काढून टाका, नवीन ऑइल भरा आणि मगच बॅटरी जोडा.