मदत हवी आहे: क्लबच्या फोटो स्पर्धेचे नियम (साइज, नेचर, मोनोक्रोम)

खोडरबर

नमस्कार मंडळी,

क्लबच्या वार्षिक स्पर्धेचं पत्रक आलंय. विभाग चार: कलर, मोनोक्रोम, नेचर आणि ट्रॅव्हल. प्रत्येकात कमाल ४ फोटो. फाइल जेपीईजी, १९२०×१०८० पर्यंत, २ एमबीच्या आत. बाकी नियमांच्या नावाने "फियापच्या व्याख्या लागू राहतील" हे एकच वाक्य (फियाप म्हणजे फोटोग्राफीची आंतरराष्ट्रीय महासंघटना). मुदत रविवारी रात्री १२. गाडं इथे अडलंय:

१) कॅमेऱ्याची फाइल ६०००×४०००. रुंदी १९२० केली की उंची १२८० येते आणि फॉर्म घेत नाही. १०८० ला कापला तर माणसांचे पाय जातात.
२) ताडोबातली वाघीण. गळ्यात रेडिओ कॉलर, उजव्या कोपऱ्यात जिप्सीचं बोनेट. नेचरला चालेल? बोनेट पुसलं तर?
३) जेजुरीचा भंडारा. आकाश पांढरंफटक होतं, फोटोशॉपमधून ढगांचं टाकलंय. कलर की ट्रॅव्हल?
४) हाच फोटो कृष्णधवल करून, फक्त भंडारा पिवळा ठेवून मोनोक्रोममध्ये टाकावा का?
५) एक पोर्ट्रेट लग्नाच्या ऑर्डरमधलं आहे. चालेल?

एफ_आठ

पहिल्याचं सांगतो. १९२०×१०८० ही बाहेरची चौकट समजा. फोटो तिच्यात मावायला हवा, तिला पूर्ण भरायला हवा असं नाही. तुमचा फोटो ३:२ आहे, तो आडवा असेल तर १६२०×१०८०, उभा असेल तर ७२०×१०८०. मोबाइलचा ४:३ आडवा फोटो १४४०×१०८०. चौकोनी १०८०×१०८०. १९२० ला टेकतो तो फक्त १६:९ किंवा त्याहून लांबट फोटो. दरवर्षी निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं, कारण पत्रकात "कमाल" हा शब्द बारीक छापलेला असतो.

लाइटरूम क्लासिकच्या एक्स्पोर्टमध्ये 'रिसाइज टू फिट'ला 'विड्थ अँड हाइट' निवडा, १९२० आणि १०८० भरा, 'डोन्ट एन्लार्ज'ला टिक. 'लाँग एज १९२०' निवडलंत की पुन्हा १२८० येणार. कलर स्पेस एसआरजीबी, म्हणजे पडद्यासाठीची नेहमीची रंगपद्धत. क्वालिटी ९० ठेवली तरी एवढ्या मापाची फाइल सहसा २ एमबीच्या आत बसते. झाडोरा, गवत, गर्दी असलेल्या फ्रेमची फुगते, तिथे 'लिमिट फाइल साइज'ला २००० के टाका.

आणि वॉटरमार्कची टिक काढा. इन्स्टाचा जुना प्रीसेट वापरला की कोपऱ्यात नाव उमटतं आणि फोटो परीक्षकांपर्यंत पोचतच नाही. फाइलच्या नावातही स्वतःचं नाव नको, जिथे आयोजकांनी तसं मागितलंय तिथेच द्या.

रानवाट

कॉलर चालते. फियाप, पीएसए (अमेरिकेतली फोटोग्राफिक सोसायटी) आणि आरपीएस (ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी) यांची नेचरची व्याख्या एकच आहे आणि तिच्यात शास्त्रीय कामासाठी लावलेले टॅग, पायातल्या रिंगा, रेडिओ कॉलर यांना स्पष्ट मुभा आहे. बोनेट चालत नाही. माणसाने केलेली वस्तू निसर्गाच्या गोष्टीचा अविभाज्य भाग असेल तरच ठेवता येते, उदाहरणार्थ कोठारात घर केलेलं गव्हाणी घुबड.

पुसणं तर मुळीच नको. नेचरमध्ये चित्रातली गोष्ट घालणं, हलवणं, बदलणं, काढणं, सगळं बाद. क्लोन टूलने केलं काय, एआयने केलं काय, सारखंच. काढायची एकच वाट: क्रॉप. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आणि नॉइज (दाणेदारपणा) घालवता येतो, कारण ते कॅमेऱ्याने आणलेले असतात. डॉजिंग-बर्निंग (ठरावीक भाग उजळ-गडद करणं), एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम एकत्र करणं), फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र करणं) चालतं. पॅनोरमासाठी जोडलेल्या फ्रेमही आता चालतात, इन्फ्रारेड मात्र चालत नाही.

विषयातही लोक फसतात. कासचा तेरडा नेचर, बागेतला डेलिया नाही: लागवडीची आणि संकरित फुलं बाद. गाय, कुत्रं, पाळीव कबुतर बाद. प्राणिसंग्रहालयातला वाघ नेचरला चालतो, पण 'वाइल्डलाइफ' असा वेगळा विभाग किंवा वेगळं पदक असेल तर तिथे नाही. घरट्याचे फोटो आपल्याकडे बरेच आयोजक स्वतःच्या नियमाने नाकारतात. पत्रकात तसं नसलं तरी मी म्हणेन टाकू नका. पिल्लं असलेल्या घरट्यापाशी माणूस थांबला की आई परत यायला कचरते, आणि जाणत्या परीक्षकाला फोटो बघून ते कळतं.

खाडीकाठ

मध्येच विचारतो. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, मागे टॉवर. नेचर?

रानवाट

वादाचा फोटो आहे. शहराच्या कुशीत जगणारा पक्षी हीच गोष्ट आहे असं म्हणता येतं, पण तीन परीक्षकांपैकी दोघांना ते पटायला हवं. स्पर्धाप्रमुखांना आधी मेल करून विचारा. टॉवर पुरते आउट ऑफ फोकस आहेत म्हणून चालतील या भरवशावर राहू नका, ओळखू आले की संपलं. कलरमध्ये हाच फोटो बिनघोर जातो.

छापखाना

तीन आणि चार एकत्र घेतो.

आकाश कुठून आणलं ते आधी बघा. फोटोशॉपच्या 'स्काय रिप्लेसमेंट'मध्ये तयार मिळणारे ढग दुसऱ्याने टिपलेले असतात. फोटोतला प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतः टिपलेला हवा, ही अट चारही विभागांना आहे. म्हणजे हा फोटो कुठेच चालत नाही. स्वतःच्या दुसऱ्या फ्रेममधलं आकाश लावलंत तर कलरमध्ये चालेल, दोन्ही रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) मात्र जपून ठेवा. ट्रॅव्हलमध्ये स्वतःचंही आकाश नाही. तिथे जागा जशी होती तशी दिसायला हवी, आणि माणसं मुद्दाम उभी करून घेतलेला फोटोही नको. भंडाऱ्याचा ढग ब्रशने दाट करणंही तिथे नको. उधळलेल्या हळदीचे कण सूर्याच्या उलट्या उजेडात वेगवेगळे दिसतात, ब्रशने रंगवलेला भाग सपाट गोळा दिसतो. मोठ्या पडद्यावर तो लगेच उघडा पडतो.

पिवळा ठेवलात की ते मोनोक्रोम राहिलं नाही. पूर्ण फोटोला एकच छटा, मग ती सेपिया असो की निळी, हे मोनोक्रोम. एका भागाला रंग म्हणजे कलर विभाग. तोच फोटो एकाच स्पर्धेत रंगीतही आणि कृष्णधवलही देता येत नाही. दोन्ही एकच फोटो धरतात, नावही एकच ठेवायचं. पुढे सलॉनला (मोठ्या फोटो प्रदर्शन-स्पर्धेला) पाठवाल तेव्हाही एकदा स्वीकारलेल्या फोटोचं नाव बदलून पुन्हा नवा म्हणून देऊ नका. "अनटायटल्ड" किंवा "डीएससी ४५२१" असली शीर्षकंही नकोत.

मोनोक्रोममध्ये तांत्रिक घोटाळा एकच, पण हमखास होणारा. फोटोशॉपमध्ये 'मोड'मधून ग्रेस्केल केलं की फाइलला छपाईचा डॉट गेन प्रोफाइल चिकटू शकतो. काही प्रोजेक्शन सॉफ्टवेअर तो वाचत नाही आणि सावल्या भलत्याच दिसतात. मोड आरजीबीच ठेवा, ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंट लेयर लावा आणि शेवटी एसआरजीबीत कन्व्हर्ट करा.

एफ_आठ

रॉ वरून आठवलं. एआय डीनॉइज वापरलंत की लाइटरूम २०२५ पर्यंत नवी डीएनजी फाइल बनवून द्यायचं आणि लोक जागा वाचवायला मूळ रॉ फाइल (कॅननची सीआर३ किंवा निकॉनची एनईएफ) उडवायचे. पडताळणीला मूळ फाइलच मागतात, कधी आधीच्या-नंतरच्या फ्रेमही. निकालापर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

लाइटरूमच्या रिमूव्ह टूलमध्ये 'जनरेटिव्ह एआय'ची टिक आहे, ती चारही विभागांसाठी बंदच. मोबाइलच्या ऑब्जेक्ट इरेजरचंही तेच. मोबाइलवाल्यांनी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून संगणकावर नेऊ नयेत. साधा फोटो पाठवला की आकार घटतो आणि एक्झिफ (फाइलमधली कॅमेरा, तारीख वगैरे माहिती) पुसला जातो. केबल लावा, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आयफोनची एचईआयसी फाइल जेपीईजी करताना रंगांचा प्रोफाइल डिस्प्ले पी३ राहतो, तोही एसआरजीबी करून घ्या.

कलम_सतरा

लग्नाच्या फोटोबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (ब): मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्कदार फोटोची ऑर्डर देणारा असतो. प्रवेशपत्रावर "कॉपीराइट माझा" अशी सही करता, ती इथे खोटी ठरते. नवरा-नवरीकडून दोन ओळींचं लेखी घ्या: कोणता फोटो, कुठल्या स्पर्धेसाठी, प्रदर्शनात आणि क्लबच्या पानावर छापायला हरकत नाही. पुढच्या ऑर्डरपासून करारातच एक वाक्य टाका.

खोडरबर

मंडळी, मोठं काम केलंत. बोनेट क्रॉप केलं तर १४१०×९४० उरतंय. मोठा करून १६२०×१०८० करू का? आणि आकाश परत पांढरं केलंय, पण वेबसाइटच्या पांढऱ्या पानावर फोटोची वरची कडच दिसत नाही.

एफ_आठ

मोठा करू नका, १४१०×९४० तसाच द्या. १०० टक्क्यांवर उघडून डोळा आणि कानाचे केस बघा. तिथे चुरा दिसत असेल तर त्या जागी दुसरा फोटो निवडा.

छापखाना

प्रोजेक्शन बहुधा काळ्या पार्श्वभूमीवर असतं, तिथे पांढऱ्या आकाशाची कड दिसते. तरी हवीच असेल तर पत्रकात बॉर्डरला मनाई नाही ना ते बघून एक पिक्सेलची करडी रेघ द्या. नेचरच्या फोटोला मात्र देऊच नका. रेघ 'स्ट्रोक'मधून 'इनसाइड' द्या. कॅनव्हास वाढवून दिलीत तर १६२२×१०८२ होतं आणि फॉर्म पुन्हा नाही म्हणतो.