मदत हवी आहे: चंद्र आश्लेषेत धरायचा की मघेत?

एकाच जन्मवेळेवर दोन उत्तरं येतायत. अयनांश (वसंतसंपात आणि निरयन राशिचक्राचा आरंभ यांतलं अंतर) लाहिरींचा घेतला तर चंद्र कर्केत २९°१०', म्हणजे आश्लेषा चौथं चरण. रामन अयनांशाने सिंहेत ०°३७', मघा पहिलं. नक्षत्रासोबत राशीही बदलली, नावाचं अक्षर ‘डो’चं ‘मा’ झालं!

जन्मवेळ दवाखान्याच्या नोंदीतली आहे. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चंद्र जेमतेम तीन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो, त्यामुळे घोळ वेळेचा नाही. ठिकाण, टाइमझोन तपासले. दोन्हीकडे चंद्र भूकेंद्रीच (पृथ्वीच्या केंद्रावरून मोजलेला) आहे. भयात-भभोगही (नक्षत्राचा गेलेला आणि एकूण काळ) हाताने काढून पाहिलं.

खरी अडचण विंशोत्तरीची, म्हणजे जन्मनक्षत्रावरून ठरणाऱ्या ग्रहांच्या महादशांची. आश्लेषा धरली तर बुधाची महादशा साधारण एक वर्ष शिल्लक, मग केतू. मघा धरली तर जन्मतःच केतू, सहा वर्षं आठ महिने. पुढची प्रत्येक महादशा सव्वा वर्षाहून जास्त मागेपुढे. राष्ट्रीय पंचांग चित्रापक्ष (म्हणजे लाहिरीच) मानतं हे माहीत आहे, पण तेवढ्यावर दशा पक्की करायला मन घेत नाही. (गंडांत, म्हणजे राशी-नक्षत्रांचा अशुभ मानलेला सांधा, दोन्हीकडे आहेच, शांती कृपया सुचवू नका.)

जातक आता चाळिशीत आहे, मोठ्या घटनांच्या तारखा हाताशी आहेत. त्या महादशांच्या बदलाशी ताडायच्या की त्यांच्या पोटातल्या अंतर्दशांशी, आणि अयनांश ठरवायला अशा किती घटना जुळल्या म्हणजे पुरे?