कात टाकणे, काढणे आणि 'कातीवर येणे'

उंबरठा: बॉल पायथन (लहान जातीचा अजगर) पाळणाऱ्या, इंग्लंडमधल्या मराठी वाचकांसाठी माहितीपत्रक करायचं आहे. 'कात' शब्दाचं रूप कातेचा की कातीचा? कात टाकण्याआधी डोळे निळसर होतात, त्याला तिकडे 'ब्लू' म्हणतात. 'साप निळ्यात आहे' लिहवत नाही. आणि 'अडकलेली कात काढणे' चालेल?

वारूळ: कातीचा. संस्कृत भित्तीची भिंत आणि भिंतीचा, तशी कृत्तीची कात आणि कातीचा. काताचा म्हटलं की विड्यातला खैराचा कात, तो पुल्लिंगी. धोतरावर काताचा डाग पडतो, शेपटीला कातीचा तुकडा चिकटतो.

मोरपीस: 'डोळे दुधाळले' लिहा. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठतो, त्याने डोळे दुधी दिसतात, अंगाचा रंगही मळतो. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावरचा पारदर्शक पापुद्रा कातीबरोबरच जातो. त्या अवस्थेला मी 'कातीवर आलाय' म्हणेन. गाय माजावर येते, झाड फुलोऱ्यावर येतं, तसं. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, म्हणून हाताळू नका, खाणंही देऊ नका.

चार-सहा दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. याला 'निवळले' हा आयता शब्द आहे, गढूळ पाणी निवळतं तसा. इथेच लोक फसतात, झालं समजून दमटपणा कमी करतात. कात पडते त्यानंतर तीन-चार दिवसांनी.

उंबरठा: दमटपणा किती लिहू?

मोरपीस: एरवी ५५-६० टक्के, कातीवर आल्यावर ७० च्या आसपास. तिकडे थंडीत हीटिंगने हवा सुकते आणि कात तुकड्यातुकड्यांत निघते. पेटीभर पाणी शिंपडण्यापेक्षा झाकणाच्या डब्याला साप शिरेल एवढं भोक पाडून आत ओलं स्फॅग्नम शेवाळ घालावं. शेवाळ घट्ट पिळलेलं हवं. पाणी निथळत असेल तर पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात. तोंड घासायला एक खडबडीत लाकूडही ठेवा. ओठांपाशी सुटलेली कात तिथे अडकवून साप पुढे सरकतो आणि ती उशीच्या अभ्र्यासारखी उलटी होत निघते.

वारूळ: म्हणूनच 'काढणे' नको. कात साप *टाकतो*. 'काढा' वाचलं की कोणीतरी चिमटा घेऊन बसणार. (बसस्थानकाला रंग दिला की वर्तमानपत्रांत तेही 'कात टाकतं', ते सोडा.) अडकलेली कात 'सोडवा' म्हणा.

मोरपीस: सोडवण्याची रीत: झाकणाला भोकं असलेल्या डब्यात २८-३० अंशांचं पाणी, सापाच्या निम्म्या जाडीइतकंच, वीस-तीस मिनिटं. एकटं सोडू नका. मग ओल्या टॉवेलमधून त्यालाच सरकू द्या. शेपटीच्या टोकाला कातीचं कडं राहिलं तर ते सुकून आवळतं, रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून झडतं. डोळ्यावरचा पापुद्रा मात्र नखाने उचकटू नका, खालचा डोळा जातो. पुढच्या कातीपर्यंत दमटपणा नीट ठेवा. तेव्हाही राहिला तर पशुवैद्य.

उंबरठा: पडलेल्या कातीत काय बघायचं?

मोरपीस: डोक्याकडे दोन गोल चकत्या (डोळ्यांवरचे पापुद्रे) आणि शेपटीचं अणकुचीदार टोक. लांबीवरून साप मापू नका. खवल्यांमधल्या घड्या उलगडतात, कात सापापेक्षा लांबच भरते.

वारूळ: पत्रक इकडे भारतात फिरलं तर एक ओळ हवी: नाग, धामण, अजगर घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने बंद आहे.