बाबा मिरजेला आयसीयूत, आम्ही इथे

मिसिसागाहून (कॅनडा), शुक्रवारी रात्री

नमस्कार मंडळी,

घरातला विषय आपल्या इथल्या मराठी मंडळींच्या ईमेल यादीवर टाकताना संकोच वाटतोय, पण रात्री अडीचला आणखी कुणाला विचारणार?

बाबांना (वय ७९, मधुमेह जुना) न्यूमोनिया झालाय. सांगलीहून मिरजेला हलवलं, आता व्हेंटिलेटरवर आहेत. धाकटा भाऊ तिकडे एकटाच, आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर. बहीण मेलबर्नला, मी इथे. तो मॉनिटरचा फोटो टाकतो. बहीण लगेच विचारते, "बीपी एवढं कमी का?" मी गूगल करते. पुण्याचा डॉक्टर मावसभाऊ तिसरंच काहीतरी सांगतो. काल भाऊ भडकला. "तुम्ही दोघी नुसते आकडे मागता, मला इथे दोन घास खायला सवड नाही." आणि फोन बंद करून बसला.

आज डॉक्टर म्हणाले, सुधारणा संथ आहे, गळ्याला छिद्र पाडावं लागेल. आई ते ऐकून कोसळलीच. बाबा नेहमी म्हणायचे, "मला नळ्या लावून ठेवू नका रे." आता काय करायचं? जाऊ की थांबू? ज्यांच्यावर असा प्रसंग आलाय त्यांनी सांगावं.

*

ओकव्हिलहून, शनिवारी सकाळी

अगं, आधी चार घास खा आणि झोप काढ. मी मुंबईत भूलतज्ज्ञ होते, बरीच वर्षं आयसीयूत काढलीत. तुझ्या बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा ढोबळच सांगते.

मॉनिटरच्या फोटोवरून काही कळत नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ९४ ही अर्धीच बातमी. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. मशीन ८० टक्के देत असताना ९४ आणि ४० टक्के देत असताना ९४, यात जमीन-अस्मानाचा फरक. बीपीचंही तसंच. ते धरून ठेवायला नॉरअॅड्रेनलिन चालू असेल, तर बीपीपेक्षा त्या औषधाचा डोस कालपेक्षा वाढला की उतरला ते विचारायचं. लघवी किती होतेय हा प्रश्न तर सगळेच विसरतात. साठ किलोच्या माणसाला तासाला तीसेक मिलिलिटर तरी व्हायला हवी. ऑक्सिजन किती टक्के, नॉरअॅड किती, लघवी किती, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती. भावाने दिवसातून एकदा, डॉक्टर नातेवाइकांना भेटतात त्या वेळी, एवढंच विचारावं आणि कालच्या आकड्याशेजारी लिहावं. आकड्यापेक्षा त्याची दिशा बघायची. आणि झोपेचं औषध चालू असताना "ओळखतात का? डोळे उघडले का?" असं विचारून त्याचा जीव खाऊ नका.

गळ्याच्या छिद्राला तुम्ही सगळे घाबरलात, कारण ऐकायला ते भयंकर वाटतं. तोंडातून घातलेली नळी लवकर निघण्यासारखी नसेल, तर साधारण सात ते चौदा दिवसांत ट्रॅकिओस्टोमीचा, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालण्याचा, विचार होतोच. तोंड मोकळं होतं, झोपेचं औषध कमी करता येतं, कफ काढणं सोपं जातं, व्हेंटिलेटर हळूहळू सोडवता येतो. माणूस सावरला की नळी काढतात आणि छिद्र बहुतेक वेळा आपोआप बुजतं. "आता आशा संपली" असा त्याचा अर्थ नाही, हे आईला तू स्वतः फोनवर सांग. भावाच्या तोंडून ते तिला नुसता धीर दिल्यासारखं वाटेल.

बाबांचं म्हणणं मात्र डॉक्टरांच्या कानावर घालाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. लेखी काही नसलं तरी, आजार बरा होण्यासारखा नाही असं दिसलं तर डॉक्टरांची दोन मंडळं आणि कुटुंब मिळून उपचार थांबवायचा निर्णय घेऊ शकतात. पण न्यूमोनिया हा बरा होऊ शकणारा आजार आहे. थोडे दिवस नळी आणि कायमची नळी यात बाबा फरक करत होते का, ते आईला विचार. तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार.

आणि एक बोचेल असं. १९९१ साली वृद्धांच्या आजारांवरच्या एका अमेरिकन नियतकालिकात "कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी" या दुखण्यावर लेख आला होता. लांबची मुलगी उशिरा येते आणि सगळं करायलाच हवं म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालते. कॅलिफोर्नियात म्हणे त्याच मुलीला न्यूयॉर्कची म्हणतात. तिचं प्रेम खोटं नसतं. पण रोज बिछान्याजवळ असणाऱ्याचा शब्द तिच्यामुळे हलका होतो. डॉक्टरांशी बोलणार एकच जण, तो म्हणजे भाऊ. मावसभावाला काही सुचवायचं असेल तर त्याने भावालाच सांगावं, ग्रुपवर नको.

*

ब्रॅम्प्टनहून, शनिवारी दुपारी

काकू, बाकी सगळं मान्य, पण लांबच्यांना गप्प बसवू नका. माझ्या आईच्या वेळी तिच्या हृदयरोगाच्या जुन्या चिठ्ठ्या माझ्याच ईमेलमध्ये होत्या. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, हे अॅडमिट करताना घाईत कुणी सांगितलंच नव्हतं. इथून फोटो गेला तेव्हा कळलं. ताई, बाबांची चालू औषधं, अॅलर्जी, आधीची ऑपरेशन्स एका पानावर लिहून भावाला पाठवा. त्याचा प्रिंट फाइलला लागू दे.

दुसरं म्हणजे कागदपत्रांचं काम तुम्ही उचला. मेडिक्लेमच्या टीपीएशी (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेशी) ईमेल-फोनवर इथून सहज भांडता येतं. तिकडचा दिवस संपता संपता तुमची सकाळ होते, त्यामुळे भाऊ घरी पाठ टेकतो तेव्हा तुमचं काम सुरू. विमा प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत मिळायला हवी. तेवढ्यात मिळतेच असं नाही, पण नियमाचं नाव काढलं की फाइल हलते. आणि पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा बघून ठेवा. आयसीयूतून बाहेर आल्यावर "बाबांना चांगली खोली द्या" म्हणून मर्यादेबाहेरची घेतली, तर डॉक्टरांच्या फीसारख्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते.

पैशांचं म्हणाल तर एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्याला कॅनडाचा नंबर जोडून यूपीआय वापरता येतं. २०२३ पासून ती सोय आहे, तुमची बँक देते का ते तेवढं बघा. फार्मसीने दर दोन तासांनी चिठ्ठी दिली की भावाने क्यूआरचा फोटो पाठवायचा, पैसे तुम्ही भरायचे. माझ्या मेहुण्याला त्या काळात बहिणीपुढे हात पसरावा लागला नाही, हे त्याने नंतर चारदा बोलून दाखवलं.

जायचं की नाही? माझं मत, बाबा आयसीयूतून बाहेर आल्यावर जा. आयसीयूत तुम्हाला दिवसातून दहा मिनिटं आत सोडतील. खरी माणसं लागतात ती नंतर. फिजिओ, भरवणं, रात्री उठणं, सगळं तेव्हाच सुरू होतं, आणि भाऊ तोवर पुरता थकलेला असेल.

*

ओकव्हिलहून, शनिवारी संध्याकाळी

औषधांच्या पानाचं अगदी बरोबर, ते माझ्याकडून राहिलं. जाण्याबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. नॉरअॅडचा डोस चढत चालला असेल किंवा लघवी बंद होत असेल, तर "बाहेर आल्यावर" म्हणून थांबू नकोस. भावाने डॉक्टरांना थेट विचारावं, "बहिणींना बोलावून घेऊ का?" हा प्रश्न डॉक्टरांना नवा नसतो आणि त्याचं उत्तर ते सहसा सरळ देतात.

*

मिसिसागाहून, रविवारी सकाळी

काकू, दादा, आभार कसे मानू.

काल रात्री भावाशी बोलले, आधी तो जेवला का ते विचारलं. मग चौघांनी मिळून ठरवलं. डॉक्टरांशी तोच बोलेल, संध्याकाळी एकच व्हॉइस मेसेज टाकेल, आम्ही दोघी उलट प्रश्न विचारणार नाही. टीपीए माझ्याकडे, पैसे बहिणीकडे. मावसभावाला मी प्रेमाने ग्रुपबाहेर काढलं, तो रुसलाय, बघू नंतर.

आईला छिद्राचं समजावलं. ती म्हणाली, "बरे होणार असतील तर चार दिवस नळी सोसतील ते. मशीनवरच राहायचं असेल तर नाही." हेच शब्द भावाने डॉक्टरांना सांगितले. त्यांनी फाइलमध्ये नोंद केली आणि उद्या ट्रॅकिओस्टोमी ठरली. नॉरअॅड कालपेक्षा थोडं उतरलंय. बोलावून घेण्याबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आज घाई नाही, पण तिकीट बघून ठेवा. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) आहे, त्यामुळे व्हिसाची चिंता नाही. तारीख बदलता येईल असं तिकीट शोधतेय.

मी गेले तर शनिवारच्या मराठी शाळेचा दुसरीचा वर्ग कुणीतरी घ्यावा लागेल. पुस्तकं माझ्या गॅरेजमध्ये आहेत, नवरा घरीच आहे, येऊन घेऊन जा. पाडव्याच्या कार्यक्रमातून माझं नाव तेवढं काढा.